सेल्मा, सोफी आणि वाल्बोर्ग : पन्नास वर्षे बंद राहिलेली पत्रे

स्वीडनच्या लेखिका सेल्मा लागेरलॉफ यांना १९०९ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या, आणि १९१४ मध्ये स्वीडिश अकादमीत निवडून आलेल्या पहिल्या स्त्री-सदस्यही त्याच होत्या. रानहंसांच्या थव्याबरोबर देशभर उडत फिरणाऱ्या निल्स नावाच्या खट्याळ मुलाची त्यांनी लिहिलेली गोष्ट कितीतरी भाषांत पोहोचली आहे. १६ मार्च १९४० रोजी वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या देशाच्या मनात त्यांची एक पक्की प्रतिमा तयार झालेली होती. व्हॅर्मलांड प्रांतातल्या मॉरबाका नावाच्या आपल्या वडिलोपार्जित वाड्यात राहणाऱ्या, किंचित लंगडत चालणाऱ्या, लग्न न केलेल्या आणि जुन्या कहाण्या सांगणाऱ्या प्रेमळ वृद्ध बाई, अशी ती प्रतिमा होती. या बाईंच्या आयुष्यात कुणावरचे उत्कट प्रेम असू शकेल, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे.

त्या प्रश्नाचे उत्तर स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पत्रांच्या रूपाने बंद होते. निधनानंतर ५० वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे १९९० साली, ती पत्रे अभ्यासकांना खुली झाली. सोफी एल्कान आणि वाल्बोर्ग ओलांडर या दोन स्त्रियांशी सेल्मा यांचे जे नाते होते, त्याचे खरे स्वरूप या पत्रांतून पुढे आले. ही पत्रे जाळून टाकलेली नव्हती, ती जपून ठेवून बंद केलेली होती, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. या लेखात दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : देशातल्या सर्वांत प्रसिद्ध स्त्रीचे प्रेम इतकी वर्षे लपून कसे राहू शकले, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची पत्रे वाचून अभ्यासक त्याविषयी काही ठामपणे कसे म्हणू शकतात.

कायदा, लग्न आणि मोकळीक

आधी कायद्याकडे पाहू, कारण त्यावाचून बाकीचे नीट कळत नाही. स्वीडनच्या १८६४ च्या दंडसंहितेत अठराव्या प्रकरणाच्या दहाव्या कलमाने ‘निसर्गविरुद्ध अनाचार’ हा गुन्हा ठरवला होता आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा ठेवली होती. या कलमात पुरुष की स्त्री असा भेद नव्हता. दोन पुरुषांमधील शरीरसंबंध जसा गुन्हा, तसाच दोन स्त्रियांमधीलही. त्या काळच्या युरोपात ही बाब सरसकट आढळणारी नव्हती. ब्रिटनमध्ये १८८५ चा कायदा फक्त पुरुषांना लागू होता. १९२१ साली तिथे स्त्रियांनाही त्या कक्षेत आणण्याची दुरुस्ती हाउस ऑफ कॉमन्सने मंजूर केली होती, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने ती फेटाळली. त्यामागे स्त्रियांविषयी उदारपणा मुळीच नव्हता. बहुसंख्य स्त्रियांनी असल्या गोष्टीचे नावही ऐकलेले नाही, मग कायदा करून ती त्यांच्या कानावर कशाला घालायची, असा तिथल्या उमरावांचा युक्तिवाद होता. म्हणजे एका देशात कायद्याच्या पुस्तकात शिक्षा लिहून ठेवलेली होती, तर दुसऱ्या देशात गोष्टीचा उच्चारच टाळून ती अस्तित्वात नसल्यासारखे वागायचे ठरवले गेले.

स्वीडनमध्ये स्त्रियांवर या कलमाखाली खटले क्वचितच झाले. एखाद्या नामवंत लेखिकेच्या दारात पोलीस येतील, ही शक्यता तशी दूरची होती. तरीही कायद्याचा धाक केवळ तुरुंगापुरता नसतो. ज्या गोष्टीला गुन्ह्याचे नाव मिळाले आहे ती पत्रात कशा शब्दांत लिहायची, कुणादेखत कुणाला काय म्हणून हाक मारायची, एखादे पत्र भलत्याच्या हाती पडले तर काय, असे कितीतरी लहान निर्णय त्या एका कलमामुळे रोज घ्यावे लागत. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या डॉक्टरांनी समलिंगी आकर्षणाला विकृती आणि आजार म्हणून पुस्तकांत नोंदवायला सुरुवात केली होती. पूर्वी दोन मैत्रिणींच्या जवळिकीकडे लोक कौतुकाने पाहत. हे ग्रंथ जसजसे वाचले जाऊ लागले, तसतशी त्याच जवळिकीकडे संशयाने पाहणारी नजर तयार झाली. सेल्मा यांचे आयुष्य नेमके या दोन नजरांच्या मधल्या काळात गेले.

याच काळाची दुसरी बाजू मात्र स्त्रियांना मोकळीक देणारी होती, आणि ती लग्नाच्या कायद्यात दडलेली होती. स्वीडनमध्ये १८६३ पासून अविवाहित स्त्री वयाच्या २५व्या वर्षी आपोआप कायद्याने सज्ञान ठरू लागली, आणि १८८४ मध्ये ही मर्यादा २१ वर्षांवर आली. तिला आपली मालमत्ता स्वतः सांभाळता येई, करार करता येत, मिळकतीचा हिशेब स्वतःच्या हाती ठेवता येई. विधवेलाही हेच अधिकार होते. लग्न झालेली स्त्री मात्र नवऱ्याच्या पालकत्वाखाली जाई, आणि ही स्थिती १९२१ पासून लागू झालेल्या नव्या विवाह कायद्यापर्यंत टिकली. त्यामुळे लग्न न करणे म्हणजे स्त्रीला आयुष्यात काहीतरी कमी पडणे, असे आपण सहज गृहीत धरतो ते इथे लागू पडत नाही. स्वतःच्या लेखणीवर जगणाऱ्या स्त्रीसाठी अविवाहित राहणे म्हणजे आपल्या पुस्तकांच्या पैशावर आपला हक्क शाबूत ठेवणे होते. कर्जामुळे लागेरलॉफ कुटुंबाच्या हातून गेलेला मॉरबाकाचा वाडा सेल्मा यांनी १९०७ साली परत विकत घेतला आणि नोबेलच्या पैशाच्या बळावर १९१० मध्ये बाकीची जमीनही मिळवली. हे सारे त्यांनी कुणाच्याही सहीची वाट न पाहता केले.

अशा दोन स्वतंत्र स्त्रिया एकत्र प्रवास करू लागल्या, तर त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नसे. उलट भल्या घरच्या स्त्रीने एकटीने प्रवास करणेच लोकांना खटकायचे, आणि सोबतीला दुसरी भल्या घरची स्त्री असली की सगळे रीतीला धरून होई. हॉटेलात एकत्र उतरणे, महिनोन्‌महिने परदेशात राहणे, एकमेकींच्या घरी लांबलचक मुक्काम करणे, यातले काहीही लपवावे लागत नव्हते. लपवावा लागत होता तो फक्त त्या सहवासाचा अर्थ. या काळातली स्त्रियांची अशी नाती इतिहासात इतकी कमी का दिसतात, याचे बरेचसे कारण मला इथे सापडते. त्या दोघी सगळ्यांना दिसत होत्याच, पण पाहणाऱ्यांपाशी त्यांच्यासाठी मैत्रीखेरीज दुसरा शब्द नव्हता.

सोफी

सेल्मा आणि सोफी यांची भेट १८९४ च्या सुरुवातीला झाली. सेल्मा तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. दक्षिणेकडच्या लांड्सक्रोना गावात त्या १८८५ पासून मुलींच्या शाळेत शिकवत होत्या आणि १८९१ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली होती. सोफी त्यांच्यापेक्षा जवळपास सहा वर्षांनी मोठ्या होत्या. गोथेनबर्गच्या सुस्थित ज्यू घराण्यात त्या वाढल्या होत्या. हस्तकलेच्या शिक्षणासाठी जगभर नावाजलेले ओटो सालोमोन हे त्यांचे भाऊ. १८७९ साली क्षयाने सोफी यांचे पती आणि लहानगी मुलगी दोघेही गेले, आणि तेव्हापासून त्या कायम काळे कपडे वापरत. त्या स्वतः कथा-कादंबऱ्या लिहीत, भाषांतरे करत, त्यांना परकीय भाषा येत होत्या, आणि त्यांनी जग पाहिलेले होते. व्हॅर्मलांडच्या आडगावातून आलेल्या, नोकरीवर पोट भरणाऱ्या आणि पायातल्या व्यंगामुळे लहानपणापासून बुजऱ्या राहिलेल्या सेल्मा यांच्यासाठी ही ओळख किती मोठी होती, हे त्यानंतरच्या पत्रांच्या ओघावरून कळते.

१८९५ मध्ये राजघराण्याकडून आणि अकादमीकडून आर्थिक मदत मिळाल्यावर सेल्मा यांनी शाळा सोडली, आणि त्या सोफींबरोबर इटलीला गेल्या. सिसिलीच्या पार्श्वभूमीवरची त्यांची कादंबरी या प्रवासातून जन्मली. १८९९ ते १९०० या काळात दोघी इजिप्त आणि पॅलेस्टाइनपर्यंत जाऊन आल्या. दालार्ना प्रांतातल्या नॉस गावचे काही शेतकरी १८९६ साली धर्मश्रद्धेपायी घरदार विकून जेरुसलेमला जाऊन राहिले होते, त्यांना भेटणे हा या प्रवासाचा एक हेतू होता. त्यातून १९०१ आणि १९०२ मध्ये दोन भागांत ‘जेरुसलेम’ ही कादंबरी आली, आणि ती सोफी यांना अर्पण केलेली आहे. बंद पत्रे उघडायला १९९० साल उजाडावे लागले, पण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरचे ते नाव पहिल्या आवृत्तीपासून छापलेलेच होते. प्रवासात सोबत करणाऱ्या मैत्रिणीविषयीची कृतज्ञता एवढाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला.

दोघी एकमेकींची हस्तलिखिते वाचत आणि त्यांवर परखड मते देत. कादंबरीतले प्रसंग, पात्रांची वागणूक, शब्दांची निवड या सगळ्याची चर्चा पत्रांतून चाले. यिंग तोइयेर-निल्सॉन या अभ्यासिकेने सेल्मा यांनी सोफींना लिहिलेल्या पत्रांची निवड १९९२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पुस्तकाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘तू मला मुक्त व्हायला शिकवतेस’ असा होतो. या पत्रांत ओढ आहे, चुंबनांचे उल्लेख आहेत, विरहाची तगमग आहे, रुसवे आहेत, आणि त्याच पानांवर लेखनाच्या अडचणीही आहेत. प्रेम आणि साहित्य यांची अशी सरमिसळ झालेली असल्यामुळे एक बाजूला काढून दुसरी वाचायची म्हटले तरी ते जमत नाही.

वाल्बोर्ग

१८९७ मध्ये सेल्मा फालुन या गावी राहायला गेल्या. तिथे त्यांची बहीण होती, आणि पुढे आईही त्यांच्याबरोबर राहू लागली. त्याच गावात प्राथमिक शिक्षिका घडवणाऱ्या अध्यापिका विद्यालयात वाल्बोर्ग ओलांडर शिकवत असत. त्या स्वतः भाषेच्या जाणकार होत्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत काम करत होत्या. शतक बदलण्याच्या सुमारास या दोघींची जवळीक वाढली आणि ती सेल्मा यांच्या निधनापर्यंत टिकली. सेल्मा यांची हस्तलिखिते स्वच्छ उतरवणे, मुद्रिते तपासणे, शुद्धलेखन पाहणे, पत्रव्यवहार हाताळणे, असे कितीतरी काम वाल्बोर्ग यांनी वर्षानुवर्षे केले. सेल्मा त्यांना ‘खरी लेखकपत्नी’ म्हणत, आणि २००६ साली त्यांना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह आला तो याच शब्दांचे नाव घेऊन. आपल्याकडेही लेखकांच्या पत्नींनी हस्तलिखिते उतरवून दिल्याच्या आठवणी वाचायला मिळतात, त्यामुळे या भूमिकेत नेमके काय काय येते ते मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही. इथे फरक एवढाच, की लेखकही स्त्री होती.

निल्सच्या गोष्टीत वाल्बोर्ग यांचा वाटा विशेष आहे. स्वीडनच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने सेल्मा यांच्याकडे शाळेसाठी भूगोलाचे वाचनपुस्तक मागितले होते, आणि त्यातून १९०६ व १९०७ मध्ये दोन भागांत हे पुस्तक तयार झाले. नेमक्या १९०६ मध्ये स्वीडनमध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले, आणि नव्या नियमांनुसार छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत याची गणना होते. रोज शिक्षिका घडवणारी आणि भाषेवर पकड असणारी सहचरी शेजारी असणे अशा पुस्तकासाठी किती मोलाचे होते, ते उघड आहे.

दोन नाती एकाच वेळी चालू होती, आणि ते सोपे नव्हते. वाल्बोर्ग यांचे सेल्मांच्या आयुष्यातले स्थान सोफींना सहन होत नसे, आणि दोघींची मने सांभाळत पत्रे लिहिण्याची कसरत सेल्मा यांना वर्षानुवर्षे करावी लागली. हा मत्सर मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अशा नात्यांविषयी लिहिताना त्यांना निर्मळ, शांत, निव्वळ आत्मिक असे रूप देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्यांत दुखावणे होते, वाट पाहणे होते, एकीला लिहिलेले दुसरीपासून झाकणे होते. सोफी १९२१ साली वारल्या. त्यांच्या वस्तू सेल्मा यांनी मॉरबाकाला आणून त्यांच्या आठवणीची एक खोली मांडली. वाल्बोर्ग १९४३ पर्यंत जगल्या.

पत्रांवरून काय म्हणता येते?

आता कळीचा प्रश्न. त्या काळात मैत्रिणी एकमेकींना ‘लाडके’, ‘प्रिये’ असे सर्रास लिहीत, पत्राच्या शेवटी चुंबने पाठवत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मग या पत्रांतले शब्द खरे प्रेम दाखवतात की फक्त त्या काळची लिहिण्याची रीत? अभ्यासकांपुढची ही अडचण खरी आहे, आणि एखाद्या सुट्या वाक्यावर बोट ठेवून ती सुटत नाही. म्हणून जाणकार वाचक एका शब्दाऐवजी सगळ्या पत्रव्यवहाराचा कल पाहतात. हीच व्यक्ती इतर मैत्रिणींना, बहिणींना, प्रकाशकांना कोणत्या भाषेत लिहिते आणि या दोघींना कोणत्या भाषेत, याची तुलना करतात. कोणत्या गोष्टी लपवायला सांगितल्या आहेत, कुणाच्या येण्याने कुणाला त्रास झाला आहे, पुढच्या महिन्याचे, पुढच्या वर्षाचे बेत कुणाला धरून आखले आहेत, आजारपणात, यशात, दुःखात पहिले पत्र कुणाला गेले आहे, हे पाहतात. अशी शेकडो पत्रे वर्षांमागून वर्षे एकाच दिशेला झुकत असतील, तर त्याला रीत म्हणून बाजूला सारता येत नाही.

तरीही मतभेद राहिले आहेत. काही अभ्यासकांनी या नात्यांना उत्कट मैत्री म्हटले, तर काहींनी ते शरीरासह असलेले प्रेम मानले. माझे मत स्पष्ट आहे. एखाद्या पुरुष लेखकाने एखाद्या स्त्रीला पंचवीस-तीस वर्षे अशी पत्रे लिहिली असती, तिच्याबरोबर देशोदेशी प्रवास केला असता, तिला कादंबरी अर्पण केली असती आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या आठवणीची खोली सजवली असती, तर त्यांचे प्रेम होते असे म्हणायला शयनगृहातला पुरावा कुणीही मागितला नसता. दोन स्त्रियांच्या बाबतीत तो मागणे हा अन्याय आहे. त्याच वेळी आजच्या ओळखींची नावे सेल्मा यांना चिकटवण्याची घाई करू नये, हेही मला पटते, कारण माणसे आपल्या काळाच्या शब्दांत स्वतःला समजून घेत असतात. पण ‘निव्वळ मैत्रिणी’ हेही एक चिकटवलेलेच नाव आहे, आणि ते तर त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या मजकुराविरुद्ध जाते.

लपवणूक एकट्या सेल्मा यांनी केली असेही नाही. एलिन वॅग्नर यांनी लिहिलेले त्यांचे दोन खंडांतले मोठे चरित्र १९४२ आणि १९४३ मध्ये आले, तेव्हा ही पत्रे बंद होती आणि दंडसंहितेतले कलम अजून जिवंत होते. ते १९४४ मध्ये रद्द झाले. स्वीडनच्या आरोग्य खात्याने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले ते १९७९ साली. म्हणजे पत्रे उघडायच्या जेमतेम अकरा वर्षे आधीपर्यंत सरकारी कागदोपत्री हे प्रेम रोग होते. शाळेच्या पुस्तकांतून, चित्रांतून, मॉरबाकाला येणाऱ्या पाहुण्यांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतून कथा सांगणाऱ्या आजीची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिली. १९९१ मध्ये, पत्रे खुली झाल्याच्या पुढच्याच वर्षी, स्वीडनच्या २० क्रोनांच्या नोटेवर सेल्मा यांचा चेहरा आला आणि मागच्या बाजूला हंसावर बसलेला निल्स. नव्याने कळलेली लेखिका आणि जुनी प्रतिमा अशा दोन्ही त्यानंतर काही काळ शेजारी शेजारी नांदत होत्या.

पत्रे खुली झाल्याने सर्वांत जास्त न्याय मिळाला तो बाकीच्या दोघींना, असे मला वाटते. सोफी यांनी राजा चौथा गुस्ताव अडोल्फ याच्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती, आणि त्या काळी त्यांना वाचक होते. पुढे मात्र नोबेलविजेत्या लेखिकेची प्रवासातली सोबतीण एवढीच त्यांची नोंद उरली. पत्रांमुळे त्या पुन्हा लेखिका म्हणून, टीकाकार म्हणून, सेल्मा यांच्या वाक्यांवर खुणा करणाऱ्या पहिल्या वाचक म्हणून समोर आल्या. वाल्बोर्ग यांना तर फारसे कुणी ओळखतच नव्हते. आज निल्सचे पुस्तक कसे घडले हे सांगताना अभ्यासकांना फालुनच्या त्या अध्यापिकेचे नाव घ्यावे लागते, आणि मुद्रितांवरच्या दुरुस्त्यांमागे कुणाचा हात होता, याचाही शोध घ्यावा लागतो.